‘बघू हं’ म्हणणाऱ्यांच्या दारात

नोकरी लागली तेव्हा मी ठाण्याला सासूबाईंना फोन करून सांगितलं, की आता दर शनिवारी क्लिनिक असतं, त्यामुळे शनिवारी बोलता येणार नाही. त्यांनी अख्ख्या सोसायटीत बातमी पोचवली, की सून आयर्लंडमध्ये डॉक्टरकडे कामाला लागली. पुढचं वर्षभर त्यांच्या मैत्रिणींचे गुडघे आणि थायरॉइड मी फोनवर ऐकत होते, आणि खुलासा करायचं धाडस मला झालं नाही. आता निवृत्त झालेच आहे, तर सांगून टाकते. मी एका राजकारणी बाईंच्या कचेरीत होते. इथे लोकप्रतिनिधी आठवड्यातून एकदा लोकांची गाऱ्हाणी ऐकायला बसतात, त्या बसण्याला क्लिनिक म्हणतात. आमचं क्लिनिक मुख्य रस्त्यावर, चिप्सच्या दुकानाच्या वर होतं. माझ्या सगळ्या साड्यांना आणि कोटांना त्या तळणाचा वास लागलेला असे.

बाईंचं नाव लीस्बेत. मूळच्या बेल्जियमच्या. इथे कोणी कोणाला मॅडम म्हणत नाही, त्यामुळे मीही तिला पहिल्या दिवसापासून लीस्बेतच म्हणत आले. गावाने तिचं ‘लिझ’ करून टाकलं होतं. तरुणपणी ती तिकडे विमानतळाजवळच्या बंदिस्त केंद्रात जायची. ज्यांना देशात घेत नाहीत आणि परतही पाठवता येत नाही, अशा लोकांना भेटायची, त्यांच्यासाठी वकील शोधायची. मग डोनल नावाच्या आयरिश माणसाशी लग्न करून ती इकडे आली. डोनल रिंगास्किडीच्या बंदरात पायलट होता, म्हणजे बाहेरून आलेल्या मोठ्या जहाजावर चढून ते सुखरूप आत आणणारा. नवऱ्याने जहाजं आत आणायची आणि बायकोने माणसं, असं गावातले लोक चेष्टेने म्हणत.

मानवी हक्क हा शब्द लीस्बेत फार कमी वापरायची. ती नळ म्हणायची. गावाबाहेर गाड्यांमधून राहणाऱ्या भटक्या लोकांची वस्ती होती, तिथे पाण्याचा नळ नव्हता. तो बसवायला कोणी पुढे येईना, म्हणून ती कौन्सिलला, म्हणजे इथल्या नगरपालिकेला, उभी राहिली. निवडून आली, नळ बसला. पुढे इथलं नागरिकत्व घेऊन ती टीडी झाली. टीडी म्हणजे आपल्याकडचा खासदार समजा, फक्त लाल दिवा नाही आणि दुकानात रांगेत उभा असतो.

मी तिच्याकडे गेले होते ती तक्रार घेऊनच. माझा नवरा श्रीकांत रिंगास्किडीला औषधाच्या कारखान्यात. मुलीला शाळेची बस मिळत नव्हती, म्हणून कोणीतरी सुचवलं की लिझकडे जा. मी माझं सगळं सविस्तर मांडलं. तिने शांतपणे ऐकलं आणि म्हणाली, “नाही. तुमचं घर नियमात बसत नाही. या वर्षी बस मिळणार नाही. तुम्हाला टायपिंग येतं का?”

मला राग यायला हवा होता, पण इतकं बरं वाटलं की विचारू नका. या देशात येऊन मला बराच काळ झाला होता आणि तोवर मला कोणी सरळ नाही म्हणालंच नव्हतं. ठाण्यात मी विमा कंपनीत होते, टायपिंगच काय, चिडलेल्या माणसाशी बोलणंही मला येत होतं. पुढच्या सोमवारी मी कामाला लागले.

बाहेरच्यांना वाटतं की राजकारण म्हणजे भाषणं. आमचं राजकारण म्हणजे दारं. निवडणूक आली की संध्याकाळी चहा-पोळी आटोपून घरोघर जायचं. त्याचे नियम आहेत. हिरवळ तुडवायची नाही, कुत्र्याचा अंदाज घ्यायचा, आणि निघताना फाटक लावायचं. फाटक उघडं टाकणाऱ्याला या देशात मत मिळत नाही, हे मला डोनलने पहिल्याच दिवशी गंभीरपणे सांगितलं. इथे मतपत्रिकेवर फुली मारत नाहीत, आवडीच्या क्रमाने आकडे टाकतात. त्यामुळे एक नंबर दुसऱ्याला द्यायचा ठरला असला, तरी “मग दोन नंबर आम्हाला द्या” असं न लाजता मागता येतं. एक नंबरचा उमेदवार बाद झाला की त्याची मतं दोन नंबरवाल्याकडे सरकतात. या दोन नंबरांवर कित्येकांची आयुष्यं गेली आहेत.

खरी विद्या मात्र उत्तर ओळखण्याची. आयरिश माणूस दारातून कोणाला नाही म्हणून परत पाठवत नाही. “तुम्ही ग्रँड आहात, आम्ही आहोत ना तुमच्यासाठी,” असं तो हसून म्हणतो. नवखा उमेदवार घरी जाऊन बायकोला सांगतो की ती अख्खी गल्ली आपली. मी मात्र पहिल्याच संध्याकाळी ओळखलं, की हे तर आपलं ‘बघू हं’. आपण तरी पाहुण्याला, वर्गणीवाल्याला, लग्नाचं स्थळ आणणाऱ्याला कधी तोंडावर नाही म्हणतो? ‘बघू हं’, ‘कळवतो’, ‘घरी विचारून सांगते’. साहेब लोकांचं त्यातलंच वरच्या दर्जाचं वाक्य म्हणजे “ते माझ्यावर सोडा.” सरकारी खात्यातला अधिकारी फोनवर असं म्हणाला की मी पेन खाली ठेवायचे. लीस्बेतला यातलं काही म्हणजे काहीच कळत नसे. तिच्या भाषेत हो म्हणजे हो असतं. शेवटी दारादारांतून परतताना गाडीत मी तिला अर्थ सांगायचा, असा आमचा रिवाज पडला. “हा नाही म्हणाला. ही पण नाही. तो कुत्रेवाला हो म्हणाला.” या बाबतीत मी सहसा चुकत नसे, आणि त्याचा मला गर्वही होता.

आपल्या लोकांनी मात्र एकदा या विद्येचा कळस केला. ती टीडी होण्याआधी कौन्सिलला उभी असतानाची गोष्ट. आमच्या भागात कारखान्यांमुळे बरीच मराठी कुटुंबं आहेत. मंडळाचा अध्यक्ष नितीन वानखडे, अमरावतीकडचा, रसायनशास्त्रात पीएचडी, उत्साही माणूस. गुढीपाडव्याच्या कार्यक्रमाला पाहुणा म्हणून कोणाला बोलवावं यावर कमिटीत एकमत होईना. मग प्रत्येकाने आपापल्या ओळखीच्या उमेदवाराला गुपचूप आमंत्रण दिलं. हॉलमध्ये पाच उमेदवार हजर. नितीन डगमगला नाही. त्याने पाचही जणांना शाल-श्रीफळ दिलं, आणि प्रत्येकाला शाल घालताना माइकवरून सांगितलं, की संपूर्ण मराठी समाज तुमच्या पाठीशी आहे. आपल्याकडे असं म्हणायची पद्धत असते, त्यात काही मनावर घेण्यासारखं नसतं. पण त्या बिचाऱ्यांना ते कोण सांगणार? चौघांनी शालीतले फोटो पत्रकांवर छापले. एकाने तर नारळ निवडणूक होईपर्यंत गाडीत काचेपुढे ठेवला होता.

लीस्बेत पाचवी. शाल खांद्यावर, नारळ काखेत, ती माइकवर म्हणाली, “आभारी आहे. तुमच्यापैकी मतदार म्हणून नाव कोणी नोंदवलंय?” हॉलमध्ये तीन हात वर झाले. बाकीच्यांची समजूत अशी, की पासपोर्ट इथला असल्याशिवाय मत नसतं. तो नियम टीडीच्या निवडणुकीला. कौन्सिलला इथे राहणारा कोणीही मत देऊ शकतो, उभाही राहू शकतो. तिने त्याच हॉलमध्ये श्रीखंड-पुरीच्या टेबलावर बसून सगळ्यांची नोंदणी करून घेतली. वर म्हणाली, “मत मलाच द्या असं नाही.” मी कपाळावर हात मारून घेतला.

आता ज्या कामासाठी हे सगळं लिहायला बसले, त्याकडे येते.

बंदराच्या वाटेवर एक जुनं गेस्टहाउस होतं. तिथे सरकारने आश्रय मागायला आलेली कुटुंबं ठेवली होती. त्यात झिंबाब्वेची ग्रेस, तिची मुलगी तेंदाई आणि लहान मुलगा. तेंदाई नुकती अठराची झाली होती आणि शाळेच्या शेवटच्या वर्षाला होती. इथली ती परीक्षा म्हणजे आपली बारावीच. जूनमध्ये एकदा होते आणि तिच्यावर पुढचं सगळं अवलंबून. फेब्रुवारीत गेस्टहाउस बंद करायचं ठरलं. या तिघांना देशाच्या दुसऱ्या टोकाला, डोनेगलला हलवणार, असा हुकूम आला. नवी शाळा, वेगळे शिक्षक, काही विषय तर तिथे शिकवतच नव्हते. तेंदाई शनिवारी क्लिनिकला आली ती शाळेच्या गणवेशातच. शनिवारी शाळा नसते. “मला या शाळेत परीक्षा द्यायचीय,” इतकंच म्हणाली. ती रडली असती तर मला काहीतरी बोलता आलं असतं. ती रडली नाही.

लीस्बेतने खात्यात फोन लावला, जूनपर्यंत थांबा म्हणाली. अधिकारी भला माणूस. म्हणाला, “ते माझ्यावर सोडा.” मी पेन खाली ठेवलं. लीस्बेतने दुसऱ्या दिवशी परत फोन केला. “काल तुमच्यावर सोडलं होतं. काय झालं?” तो गडबडला. तिसऱ्या दिवशी परत. त्या माणसाला नोकरीत असं कोणी विचारलं नसावं. शेवटी त्याने तिघांना दोन आठवड्यांची मुदत मिळवून दिली आणि एक गोष्ट कळवली. मुलगी सज्ञान आहे, तिच्यापुरता कोणी घरात आसरा दिला, तर ती इथे राहू शकते. आई आणि भाऊ मात्र जाणार.

म्हणजे आता खोली हवी होती. माझं घर दोन खोल्यांचं, त्यात मुलगी कॉलेजची. डोनलच्या आईला अर्धांग झाल्यामुळे लीस्बेतकडे नर्स राहत होती. गावात लोकांचं मन त्या गेस्टहाउसबद्दल आधीच कलुषित होतं, आठ-दहा ठिकाणी विचारलं तर सगळीकडून “ग्रँड, ग्रँड” ऐकून परत. शेवटी मी नितीनचं नाव काढलं. चार बेडरूमचं घर, तो, बायको प्राची, आणि सहा महिन्यांसाठी आलेली त्याची आई.

नितीनने चहा दिला, नीट ऐकून घेतलं. मग मला म्हणाला, “वसुधाताई, क्वेश्चन खोलीचा नाहीये. प्रिन्सिपलचा आहे. आपण परमिट काढून, रांगेत उभं राहून आलो ना? प्राचीचा व्हिसा होईपर्यंत मी इथे दोन वर्षं एकटा राहिलो, यार. मग ह्या लोकांना डायरेक्ट कशी एंट्री?”

“तिची परीक्षा आहे रे,” मी म्हटलं.

“आय नो. बघू हं.” आणि लीस्बेतकडे वळून इंग्रजीत म्हणाला, “आम्ही बघतो आणि कळवतो.”

प्राचीने मोबाइल हातात घेतला. मी उठले. गाडीत बसल्यावर रिवाजाप्रमाणे सांगितलं, “नाही म्हणाला.”

“तो बघतो म्हणाला,” लीस्बेत म्हणाली.

“आमच्यात बघतो म्हणजे नाही.”

“नाही असं म्हणाला का?”

“तसं म्हणाला नाही.”

“म्हणजे तो बघतोय,” असं म्हणून तिने गाडी सुरू केली.

रविवारी सकाळी ती मला घ्यायला आली तेव्हा मागच्या सीटवर तेंदाई बसली होती, मांडीवर दप्तर घेऊन. असं न विचारता मुलीला घेऊन कोणाच्या दारात जातात का? लीस्बेत म्हणाली, “खोली बघायची तर राहणारीने बघायला नको?” या बाईला मुत्सद्देगिरीत नापास करायला मी कधीही तयार होते, त्या दिवशी तर शंभर टक्के.

नितीनने दार उघडलं. तिघींना पाहून त्याचा चेहरा पडला. “अरे, मी तुम्हाला फोन करणारच होतो,” असं इंग्रजीत सुरू केलं, तेवढ्यात मागून त्याची आई आली. अंगात स्वेटर, स्वेटरवर शाल, डोक्याला मफलर. त्या सहा महिन्यांत मी त्यांना मफलरशिवाय पाहिलं नाही.

“कोन आहे रे?” त्यांनी तेंदाईकडे बघितलं. “पोट्टी थंडीत उभी हाये न्. आत घे ना तिले.”

आत गेल्यावर त्यांनी मलाच विचारलं, काय भानगड आहे. मुलाने घरात विषय काढलाच नव्हता. मी सांगितलं.

“मंग?” त्या म्हणाल्या. “वरची खोली रिकामीच हाये. तिथं नुसत्या ब्यागा झोपून राह्यल्या.”

“आई, इथे तसं नसतं गं.”

“कसं असते मंग?”

त्या त्याच्यासमोर खुर्ची ओढून बसल्या. “तू अकरावी-बारावीले अमरावतीत कोनाच्या घरी राह्यला होता रे?”

“देशपांडे सरांच्या.”

“आपले कोन लागत होते ते?”

“कोणी नाही.”

“त्याईनं तुले लायनीत उभं केलं होतं काय?”

मी खिडकीतून बाहेर बघायला लागले. लीस्बेतला एक अक्षर कळत नव्हतं, ती आपली खुर्चीत ताठ बसून, तो बघतो म्हणाला होता त्याची वाट पाहत होती. तेंदाईने दप्तर छातीशी धरलं होतं. नितीन उठला आणि जिना चढून वर गेला. थोड्या वेळाने वरून बॅगा ओढल्याचा आवाज आला. प्राची म्हणाली, “त्याची पाठ दुखते, एकट्याने ओढायला नको,” आणि ती पण वर गेली. मला तेव्हा रडू आलं, ते मी लपवलंही नाही.

ग्रेस मात्र सहज मुलगी सोपवणारी नव्हती. दुसऱ्या दिवशी येऊन तिने खोली पाहिली, खिडकीची कडी पाहिली, स्वयंपाकघरातल्या प्रेसमधले, म्हणजे कपाटातले, डबे उघडून वास घेतले. मग नितीनच्या आईसमोर उभी राहिली. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती. आईंनी तिच्या हातात गरम भाकरीचा तुकडा ठेवला. ग्रेसने तो खाल्ला आणि होकारार्थी मान हलवली.

मार्च ते जून तेंदाई त्या घरात राहिली. कारखान्यातून आल्यावर नितीन तिला रसायनशास्त्र शिकवायचा, आणि माझ्याकडे तक्रार करायचा, की पोरगी फार प्रश्न विचारते. आईंचं परतीचं तिकीट मे महिन्यात होतं. त्यांनी ते पुढे ढकलायला लावलं. परीक्षेच्या दर सकाळी त्या तिच्या तळहातावर दही-साखर ठेवायच्या. दह्याचा आणि परीक्षेचा संबंध काय, हे तेंदाईने विचारलं तेव्हा नितीनलाही सांगता आलं नाही. ती पास झाली, चांगली पास झाली, जवळच्या कॉर्क शहरात कॉलेजात गेली. पुढे तिघांनाही राहायची परवानगी मिळाली. पण त्या चार महिन्यांत तिच्या लहान भावाने डोनेगलहून रोज संध्याकाळी फोन केला आणि रोज तो रडला, हेही लिहायला हवं. त्या तिघांना एकत्र ठेवणं आम्हाला जमलं नाही. आमच्या कामात हे असंच असायचं. अर्धं काम झालं, तरी लोक केक घेऊन यायचे. तो केक खाताना मला उरलेलं अर्धं आठवायचं.

पुढच्या निवडणुकीत लीस्बेत पडली. गेस्टहाउसच्या लोकांची बाजू तिने फार घेतली, असं बोललं गेलं. मला ते दारांवरच कळलं होतं. आमच्याच गल्लीत “तू ग्रँड आहेस, लिझ,” इतक्या वेळा ऐकलं, की गाडीत अर्थ सांगायचं मी सोडून दिलं. मतमोजणीच्या हॉलमध्ये कठड्यापाशी उभं राहून नितीन तिच्यासाठी मतांचा अंदाज बांधत होता. शेवटच्या फेरीत दुसऱ्याची मतं सरकली ती नको तिकडे. लीस्बेतने जिंकलेल्याचं अभिनंदन केलं, आम्हा सगळ्यांना चिप्स खिलवल्या, आणि पुढच्या शनिवारी नेहमीच्या वेळी ग्रंथालयाच्या मागच्या खोलीत जाऊन बसली. आता ती कोणीच नव्हती, तरी माणसं आली. मीही गेले, पगार नसताना आणखी काही वर्षं गेले. मग गुडघ्यांनी दगा दिला. सासूबाईंच्या मैत्रिणींची मी फोनवर मनातल्या मनात टिंगल केली होती, ती अशी फिटली.

गेल्या कौन्सिल निवडणुकीच्या आधी एका संध्याकाळी दारावरची बेल वाजली. मी काठी घेऊन हळूहळू गेले. दारात तेंदाई. अंगात रेनकोट, हातात पत्रकं, पत्रकावर तिचाच फोटो. फाटकापाशी लीस्बेत उभी होती, केस पांढरेशुभ्र, तिच्याही हातात पत्रकं. या वेळी मागे उभी राहायची पाळी तिची होती.

“काकू, मी उभी राहतेय,” तेंदाई कॉर्कच्या हेलाच्या इंग्रजीत म्हणाली. “एक नंबर मागायला आलेय.”

डोळे भरून येऊ नयेत म्हणून मी थट्टेचा आधार घेतला. चष्मा लावून पत्रक उलटंसुलटं पाहिलं, आणि मराठीत म्हटलं, “बघू हं.”

तिने कमरेवर हात ठेवले. मग जी मराठी बाहेर पडली, ती मफलरसकट नितीनच्या आईची होती. “काकू, बघू-बिघू नाही चालत. हाव म्हना, नाही तर नाही म्हना.”

फाटकातून लीस्बेतने मान उंचावून विचारलं, “काय म्हणतेय ती? हो की नाही?”

ठाण्यात जन्मलेली मी, वऱ्हाडी आयुष्यात बोलले नव्हते.

“हाव,” मी म्हणाले.